चांग-आन आणि अजिंठा

अजिंठ्याच्या डोंगरांत सातकुंडावरून उडी घेणारी वाघूर नदी लेण्यांच्या पायथ्याशीं घोड्याच्या नालासारखा वळसा घालते आणि उत्तरेकडे खानदेशांत उतरते. जामनेर तालुक्यांतून वाहत जाऊन ती पुढें तापीला मिळते. जळगांव शहराला पिण्याचें पाणी मिळतें तें याच नदीवरील धरणाचें. लेणीं १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं आणि जिल्ह्याच्या नकाशांत तीं आजहि खानदेशाबाहेरच आहेत. पण पाण्याचा उतार विचारला तर तीं खानदेशाच्याच अंगावर आहेत. जळगांव स्टेशनावर उतरून सुमारें साठ किलोमीटर दक्षिणेकडे गेलें कीं प्रवासी त्या दरींत पोंचतो.

इतक्या जवळच्या या लेण्यांचें जुनें वर्णन शोधूं गेलें तर तें मराठी पोथ्यांत सांपडत नाहीं, संस्कृत काव्यांत सांपडत नाहीं. तें सांपडतें चिनी भाषेंत. आणि तें लिहिलें गेलें चीनमधील चांग-आन नांवाच्या राजधानींत, इ. स. ६४६ मध्यें. ‘चांग-आन’ म्हणजे चिरशांति. इ. स. १३६९ मध्यें या नगरीचें नांव पालटून ‘शिआन’ म्हणजे पश्चिमेची शांति असें झालें, आणि आजहि तेंच चालू आहे. खानदेशचा मनुष्य जर कधीं शिआन पाहावयास गेला, तर तो केवळ परमुलुखाची मौज पाहावयास गेला असें होत नाहीं. आपल्या घरचा एक कागद ज्या घरांत जपून राहिला, तें घर तो पाहावयास जातो.

आजचा प्रवासी शिआनला जातो तो बहुधा मातीच्या सैन्याकरितां. १९७४ मध्यें शेतकरी विहीर खणीत असतां तें सैन्य सांपडलें. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ भाजक्या मातीचे हजारों शिपाई रांगेनें उभे आहेत. तें पाहण्यासारखें आहे यांत शंका नाहीं. परंतु तें शहरापासून सुमारें पस्तीस किलोमीटर पूर्वेला आहे, आणि ह्युएनत्संगाच्या काळीं तें जमिनीखालीं गाडलेलें होतें. चांग-आनच्या कथेंत त्याचें काम नाहीं.

शहरांत शिरतांना प्रथम तट दिसतो. हा तट मिंग राजवटीचा, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. त्याचा घेर सुमारें पावणेचौदा किलोमीटर असून माथ्यावर तो इतका रुंद आहे कीं चार बैलगाड्या शेजारीं शेजारीं चालाव्यात. आतां तेथें लोक सायकली फिरवितात. तटाच्या आंत, चार मोठे रस्ते जेथें मिळतात तेथें, घंटाघर आहे. तें १३८४ मध्यें दुसऱ्या जागीं बांधलें होतें आणि १५८२ मध्यें जसेंच्या तसें उचलून येथें आणलें. पलीकडे नगारखाना. त्याच्या मागच्या गल्ल्यांत मुसलमानांची वस्ती व जुनी मशीद आहे. हिंदुस्थानांतील मशिदी पाहिलेल्या माणसाला ती मशीद आहे हें प्रथम ओळखूंच येत नाहीं. घुमट नाहीं, मिनार नाहीं, चिनी पद्धतीचीं उतरतीं छपरें आणि एकामागून एक चौक. धर्म अरबस्तानांतून आला, पण घर त्यानें त्या देशाच्या रीतीनेंच बांधलें.

दक्षिण तटाच्या आंतल्या अंगाला एक संग्रह आहे, त्याला ‘शिलालेखांचें वन’ म्हणतात. चिनी विद्यार्थ्यांनीं पाठ करावयाचे प्राचीन ग्रंथ इ. स. ८३७ मध्यें ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनीं कोरून ठेवले, ते येथें उभे आहेत. एकंदर अक्षरें साडेसहा लाखांच्या वर. नकलनविसाच्या हातून पाठ बिघडूं नये, म्हणून हा खटाटोप. लिहिलेल्या शब्दाची एवढी काळजी वाहणारी ही नगरी होती, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढची कथा नीट समजते.

आजचा तट मोठा वाटतो. पण ह्युएनत्संगाची चांग-आन याच्या सुमारें सातपट होती. इ. स. ५८२ मध्यें स्वै राजवटीच्या सम्राटानें ती मोकळ्या जमिनीवर दोरी लावून आंखविली आणि पुढें थांग राजवंशाची ती राजधानी झाली. पूर्व-पश्चिम पावणेदहा व दक्षिणोत्तर साडेआठ किलोमीटरच्या वर तिची लांबीरुंदी होती. मधला राजरस्ता सुमारें दीडशें मीटर रुंद होता. बाकीचे रस्ते एकमेकांस काटकोनांत छेदीत आणि त्यांच्या मधल्या चौकोनांत भिंती घातलेले मोहल्ले असत, सुमारें १०८. धुळ्याच्या माणसाला ही रचना चटकन डोळ्यांपुढें येईल. १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्जनें धुळें हें खानदेशचें मुख्य ठाणें केलें व नवी पेठ सरळ रेघांत वसविली. म्हणून तेथें गल्ल्यांना नांवांपेक्षां आंकड्यांनींच ओळखण्याचा प्रघात पडला. चांग-आन म्हणजे तीच कल्पना हजारपटीनें वाढवलेली. मात्र त्या प्रत्येक मोहल्ल्याला दरवाजा होता, आणि सूर्यास्ताला नगारे वाजले कीं तो बंद होई. त्यानंतर राजरस्त्यावर सांपडलेल्या माणसाला फटके बसत. एवढ्या मोठ्या राजधानींत रात्रीं मोकळेपणानें फिरण्याची सोय नव्हती, ही गोष्ट तिचें वैभव वर्णन करणारे बहुधा सांगत नाहींत.

दिवसां मात्र पश्चिमेच्या बाजारांत साऱ्या आशियाची गर्दी असे. इराणी, सुग्ध देशचे सार्थवाह, तुर्क, कोरियाचे विद्यार्थी. इराणी अग्निपूजकांचीं मंदिरें शहरांत होतीं. सीरियाच्या ख्रिस्ती पंथाचा इ. स. ७८१ चा एक शिलालेख उपर्युक्त शिळांच्या वनांत आजहि आहे. त्यावर चिनी व सिरियाक अशा दोन्ही लिप्या आहेत. हिंदुस्थानचे लोकहि होते. गौतम नांवाचें एक ज्योतिषी घराणें चांग-आनच्या राजवेधशाळेंत अधिकारावर होतें. त्यांपैकीं गौतम सिद्धानें इ. स. ७१८ मध्यें हिंदी पद्धतीचें नवग्रहांचें गणित चिनी भाषेंत उतरविलें, व त्यांत शून्याच्या जागीं टिंब देण्याची रीत सांगितली. ज्या खानदेशांत पुढें पाटणच्या मठांत भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावयाचें होतें, त्या प्रांतानें या ज्योतिष्याचें नांव निदान ऐकलेलें तरी असावें.

आतां ज्याच्याकरितां हें नगरदर्शन, त्या भिक्षूकडे वळावयाचें. ह्युएनत्संग, ज्याला अलीकडच्या शालेय पुस्तकांत युआन श्वांग म्हणतात, तो चांग-आनमधून बाहेर पडला तो चोरून. सरहद्दीपलीकडे जाण्यास राजाची बंदी होती. इ. स. ६२९ च्या सुमारास तो निघाला तेव्हां त्याचें वय तिशीच्या आंतबाहेर असेल. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत एक म्हणतें एक, दुसरें म्हणतें दुसरें. मूळ पोथ्या स्वतः पाहिल्यावांचून निकाल लागणार नाहीं, अशी त्याची खात्री झाली होती. वाळवंट, हिमपर्वत, लुटारू, सर्व ओलांडून तो हिंदुस्थानांत आला, नालंदेंत शिकला आणि मग दक्षिणेकडे वळून इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला. इ. स. ६४५ मध्यें तो चांग-आनला परतला, तेव्हां ज्या राजाची आज्ञा मोडून तो गेला होता त्याच राजाच्या अधिकाऱ्यांनीं त्याचें स्वागत केलें. त्याच्याबरोबर वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते.

सम्राट ताइ-त्सुंग याला धर्मापेक्षां देशोदेशींच्या माहितीची गरज अधिक होती. त्यानें भिक्षूला मंत्रिपद देऊं केलें. भिक्षूनें तें नाकारलें. मग सम्राटानें पाहिलेल्या देशांचा वृत्तांत लिहून मागितला. बियेन-ची नांवाच्या तरुण भिक्षूनें तो लिहून काढला आणि पुढल्याच वर्षीं बारा भागांचा ग्रंथ दरबारांत रुजू झाला. महाराष्ट्राचें वर्णन त्यांतील अकराव्या भागांत आहे. म्हणजे ज्या लेखाचा महाराष्ट्राला आज एवढा अभिमान, तो एका अर्थानें राजाच्या हुकुमानें तयार झालेला अहवाल आहे.

शिआनच्या दक्षिण दरवाजापासून सुमारें चार किलोमीटरवर ‘मोठ्या रानहंसाचा मनोरा’ आहे. आज तो जुन्या तटाबाहेर पडला असला, तरी थांगकालीं तो भर नगरांत होता. राजपुत्रानें आईच्या स्मरणार्थ इ. स. ६४८ मध्यें जो विहार बांधला, त्याच्या आवारांत ह्युएनत्संग राहूं लागला व भाषांतराचें काम तेथें चालू झालें. पण त्याला एक चिंता लागली होती. चांग-आनचीं घरें लांकडाचीं. एक ठिणगी पडली तर वीस घोड्यांवर आणलेलें सारें एका रात्रींत जाईल. त्यानें दगडाचा स्तूप मागितला. सम्राट काव-त्सुंगानें, दगडाचें काम फार लांबेल, विटांचें करावें, असा सल्ला दिला. इ. स. ६५२ मध्यें काम सुरू झालें. त्याच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे कीं पन्नाशीला आलेला हा आचार्य स्वतः टोपल्यांतून विटा वाहत होता. साऱ्या दरबाराचा मान ज्याला मिळत होता, त्यानें पोथ्यांच्या घराच्या विटा डोक्यावर घ्याव्यात, याचें वर्णन अधिक शब्दांनीं करण्याची जरुरी नाहीं.

तो मूळचा मनोरा पांच मजल्यांचा, हिंदी धर्तीचा होता. तो लवकरच खचला व आठव्या शतकाच्या आरंभीं पुन्हां बांधला गेला. आज उभा आहे तो सात मजल्यांचा, सुमारें चौसष्ट मीटर उंचीचा. त्याच्या नांवांतील हंसहि हिंदुस्थानचाच आहे: मगधांत उपाशी भिक्षूंपुढें एक हंस आकाशांतून मरून पडला व त्यांनीं मांसाहार सोडून त्यावर स्तूप बांधला, ही कथा ह्युएनत्संगानेंच आपल्या ग्रंथांत सांगितली आहे. मनोऱ्याच्या दक्षिण दाराच्या दोहों बाजूंस इ. स. ६५३ च्या दोन काळ्या शिळा आहेत. त्यांवर दोघां सम्राटांनीं भाषांतरित ग्रंथांना लिहिलेल्या प्रस्तावना कोरल्या आहेत. पुढें सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्वान या मनोऱ्यावर येऊन आपलीं नांवें लिहीत. मूळचा तो ग्रंथभार मात्र आज तेथें नाहीं. टिकलीं तीं चिनी भाषांतरें. ह्युएनत्संगाच्या हातून ७५ ग्रंथ उतरले.

महाराष्ट्राविषयीं या भिक्षूनें काय लिहिलें, तें बहुतेकांना अर्धेंच ठाऊक असतें. लोक साधे व प्रामाणिक, बांध्यानें उंच. उपकार करणाऱ्याला न विसरणारे आणि अपमान करणाऱ्याला न सोडणारे. संकटांत कोणी हांक मारली तर जिवाची पर्वा न करणारे. सूड घ्यावयाचा तरी आधीं शत्रूला सूचना देणारे. पळणाऱ्याचा पाठलाग करणारे पण शरण आलेल्याला न मारणारे. एवढा भाग व्याख्यानांतून व शाळांतून ऐकूं येतो. त्यापुढचा भाग असा कीं राजाच्या पदरीं कित्येक शें वीर असत, ते युद्धापूर्वीं दारू पिऊन धुंद होत. वाटेंत एखाद्या निरपराध्याला त्यांनीं मारलें तरी त्यांना शासन नसे. आणि हत्तींनाहि दारू पाजून शत्रूवर सोडीत. पराभूत सेनापतीला स्त्रीचा पोषाख देत व तो लाजेनें प्राण देई. ही बाजू गाळून पहिली तेवढी मिरविणें हा त्या प्रांजल प्रवाशावर अन्याय आहे. त्याच्या स्तुतीला किंमत आहे ती त्यानें दोषहि सांगितले म्हणूनच.

त्याच प्रांजलपणामुळें दुसरी एक गोष्ट टिकली. कनोजचा हर्ष हा ह्युएनत्संगाचा आश्रयदाता व स्नेही. तरीहि त्यानें लिहून ठेवलें कीं हर्षानें चहूंकडे विजय मिळविले, पण पुलकेशीचे लोक त्याला नमले नाहींत. ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखांत रविकीर्तीनें पुलकेशीची हीच कामगिरी गाइली आहे. परंतु तो पुलकेशीचाच कवि. हर्षाच्या मित्रानें तिला दुजोरा द्यावा, यांत इतिहासाचा खरा आधार आहे. आणि दैवगति अशी कीं हा वृत्तांत चांग-आनमध्यें लिहिला जात होता तेव्हां पल्लवांनीं वातापि जिंकून चारएक वर्षें लोटलीं होतीं आणि पुलकेशी या जगांत नव्हता.

महाराष्ट्राच्या या वर्णनाच्या शेवटीं अजिंठा येतो, पण नांवानें नव्हे. देशाच्या पूर्व सीमेवर डोंगरांची रांग आहे. तींत एका अंधाऱ्या दरींत कड्याला टेकून विहार आहे. तो अर्हत ‘ओ-चे-लो’ यानें करविला, अशी माहिती तो देतो. मोठा विहार शंभर फुटांच्या वर, आंत सत्तर फुटांची दगडी बुद्धमूर्ति, तिच्यावर सात छत्रें, आधारावांचून एकावर एक तरंगणारीं. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथा. दाराबाहेर डावीउजवीकडे दगडी हत्ती. ते कधींमधीं ओरडतात व धरणी कांपते, अशी लोकांची समजूत. तर्कपंडित दिङ्नाग येथें राहत असे, असेंहि तो सांगतो.

हें वर्णन हातांत घेऊन लेण्यांतून फिरूं लागलें तर कांहीं जुळतें, कांहीं जुळत नाहीं. भिंतींवरच्या जातककथा आहेतच. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशीं दोन हत्ती कोरलेले आहेत. पण सत्तर फुटांची मूर्ति कोठेंच नाहीं. सव्विसाव्या लेण्यांतील महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ति पहुडलेली आहे व तीहि सातएक मीटरच लांब आहे. तरंगणारीं छत्रें तर भाविकाच्या तोंडचीं. म्हणून पुष्कळ विद्वान असें मानतात कीं ह्युएनत्संग स्वतः त्या दरींत उतरला नसावा. जे उतरले होते त्यांच्याकडून त्यानें ऐकलें. हें खरें असलें तरी लेखाची किंमत कमी होत नाहीं. उलट, खोदकाम थांबून दीडशें वर्षें झाल्यावर या लेण्यांविषयीं वाटेवरचे लोक काय बोलत, हें त्यामुळें कळतें: मंत्र्याचें नांव नाहीं, राजाचें नाहीं, एका भिक्षूचें नांव तेवढें लोकांच्या तोंडीं उरलें होतें.

राजे नव्हते असें नव्हे. सोळावें लेणें वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें दिलें. सतरावें, ज्यांत चित्रांची सर्वांत अधिक संपत्ति उरली आहे, तें हरिषेणाच्या एका मांडलिकानें करविलें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मतें हा मांडलिक ऋषिक देशाचा, म्हणजे आजच्या खानदेशचा राजा होय. धाकटा भाऊ रविसांब अकालीं गेल्यानें त्याला संसाराची अनित्यता पटली व त्यानें धन लेण्यांत ओतलें, असें त्या लेण्याचा लेखच सांगतो. जळगांव-धुळ्याच्या माणसानें सतराव्या लेण्यांत पाऊल टाकतांना एवढें आठवावें कीं हें दान बहुधा आपल्याच मुलुखाच्या कराच्या पैशाचें आहे. आणि तरीहि अवघ्या दोन शतकांच्या आंत लोकांना त्या राजाची आठवण राहिली नव्हती.

चांग-आनचेंहि तेंच झालें. इ. स. ९०४ मध्यें एका बंडखोर सरदारानें राजधानी हलविली. वाडे व घरें उस्तरून त्यांचें लांकूड वेइ नदींत सोडलें आणि तें पूर्वेकडे वाहून नेलें. ज्या ठिणगीला ह्युएनत्संग भीत होता ती पडली नाहीं, पण लांकडाचें शहर नाहींसें झालें तें झालेंच. विटांचा मनोरा तेवढा राहिला. भिक्षूचा ग्रंथ मठामठांतून नकलला गेला, छापला गेला आणि वांचला.

इकडे २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाचा मद्रास पलटणीचा अधिकारी शिकारीच्या मागें दरींत आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर नांव खरडून गेला. शोध लावणाऱ्याची ती सही म्हणावी कीं पहिली खोडी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. १८५७-५८ मध्यें पॅरिसच्या स्तानिस्लास जुलिएं यानें ह्युएनत्संगाच्या प्रवासवृत्ताचें फ्रेंच भाषांतर छापलें. लेण्यांतील लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं व पुढें १८८१ च्या सुमारास भगवानलाल इंद्रजी यांनीं वाचले. सव्विसाव्या लेण्याच्या लेखांत, स्थविर अचल यानें शास्त्याकरितां शैलगृह करविलें, असा उल्लेख निघाला. ‘अचल’ आणि ‘ओ-चे-लो’! साडेबाराशें वर्षें एक नांव दगडांत इकडे, दुसरें कागदावर तिकडे, अशीं दोन्हीं एकमेकांची वाट पाहत होतीं.

याच काळांत आगीनें आपलें काम केलें. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ नंतर जवळजवळ वीस वर्षें लेण्यांत राहून चित्रांच्या पूर्णाकृति नकला केल्या. १८६६ च्या डिसेंबरांत लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली व त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून जॉन ग्रिफिथ्सनें पुन्हां नकला करविल्या, त्यांतल्याहि पुष्कळ १८८५ मध्यें लंडनलाच आगींत गेल्या. गिल १८७९ मध्यें वारला. त्याचें थडगें भुसावळला आहे. भिंतींवरचीं मूळ चित्रें मधल्या काळांत ओल, वटवाघळें व अनाडी हातांचें व्हार्निश यांनीं झिजत राहिलीं. रंगांपेक्षां अक्षरें टिकाऊ ठरलीं.

खानदेशांत हा धडा कोणी घेतलाच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला आणि बावीस खंडांपर्यंत तें काम नेलें. गांवोगांव हिंडून, वाण्याच्या दुकानांत पुड्या बांधण्याकडे निघालेलीं दप्तरें त्यांनीं गोळा केलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यास वारले. त्यांचा संग्रह तेथील राजवाडे संशोधन मंडळानें सांभाळला; शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेलीं रामदासी हस्तलिखितें त्याच गांवांत वाग्देवता मंदिरांत आहेत. त्या इमारतींना कोणी मनोरा म्हणत नाहीं आणि प्रवाशांच्या गाड्या तेथें थांबत नाहींत.

१४ मे २०१५ रोजीं हिंदुस्थानचे पंतप्रधान नरेंद्र मोदी शिआनला गेले तेव्हां चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनीं त्यांना हा मनोरा दाखविला. आणि त्याच दौऱ्यांत औरंगाबाद व तुन्-ह्वांग या दोन लेण्यांच्या शहरांचें भगिनीनातें ठरलें. मनोऱ्यांत आतां तिकीट काढून लांकडी जिन्यानें वरपर्यंत जातां येतें. चहूं बाजूंना चार खिडक्या आहेत. उत्तरेच्या खिडकींतून तटाकडे जाणारा सरळ रस्ता दिसतो. घाईचा प्रवासी तेथूनच परततो. ज्याला सवड असेल त्यानें खालीं उतरल्यावर दक्षिण दाराशीं थांबून जाळीआडच्या त्या दोन शिळा पाहाव्यात. आणि अजिंठ्याला पुन्हां जाणें झालें, तर पहिल्या लेण्यापाशींच दिवस न संपवितां सव्विसाव्यापर्यंत चालत जावें. तेथें व्हरांड्याच्या भिंतीवर, झिजलेल्या ओळींत, अचल स्थविराचें नांव अद्याप आहे.